रविवारी पोट का दुखत नाही

गल्लीत पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरला सगळे 'तपासनीस' म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे, कारण पाठीमागे म्हटलेलंही त्याला कळायचंच. दुधाचं भांडं तो उजेडात धरून बघायचा. न्हाव्यापुढे बसण्याआधी वस्तऱ्याची विचारपूस करायचा. लग्नासाठी एकदाच मुलगी बघायला गेला होता, तर तिच्या मामाचीच अशी उलटतपासणी घेतली की मामा पाणी आणतो म्हणून आत गेला तो परत आलाच नाही. लग्न राहिलं ते राहिलंच. कोणी काही सांगितलं की चष्मा कपाळावर सारून, खालचा ओठ पुढे काढून तो एवढंच म्हणायचा, "असं होय?" त्या दोन शब्दांत समोरच्याला आपणच चोर वाटायला लागायचं.

अशा माणसाला त्याच्याच पोटानं दगा द्यावा! जेवणानंतर पोट ढोलासारखं फुगे, मुरडा येई, कोपरांवर खाजरे फोड उठत. सदरे अंगात लोंबायला लागले. दोन वर्षं त्यानं दूधवाल्यावर, पाण्याच्या टाकीवर आणि शेजारच्या रंगाच्या दुकानातून येणाऱ्या वासावर आळ घेतला. शेवटी धाकटी बहीण त्याला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. नवरा वारल्यापासून अकरा वर्षं ती भावाकडेच होती आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, नळी घालून आतडं पाहिलं आणि सांगितलं की गहू सोसत नाही. गहू, मैदा, रवा बंद, आणि बंद म्हणजे कणभरसुद्धा नको. शिवाय एक वही ठेवा, काय खाल्लं, कुठे होतात, कधी दुखलं ते लिहा. "तोंडात जाईल ते सगळं," त्या दोनदा म्हणाल्या.

बाइंडरनं वही स्वतः बांधली, कापडी पुठ्ठ्याची, पाठीला गोलाई दिलेली. बहिणीनं घर उलटंपालटं केलं. जुन्या चाळण्या टाकल्या, तवा नवा घेतला, स्वतःला आवडणारे पाव आणि बिस्किटं बंद केली, पिठाचा डबा उचलून शेजारणीला देऊन टाकला. घरात भात, बटाटे, अंडी, पालेभाज्या. वही भरत गेली. दुकानाच्या रकान्यात तो रोज 'काही नाही' लिहायचा, कारण जेवायला तो दुपारी घरी यायचा आणि दुकानात पाण्याशिवाय काही घेत नसे.

तीन आठवडे झाले तरी पोट दुखतच होतं. पण त्यानं वहीच्या पानांवरून बोट फिरवलं, आणि त्याला एक गोष्ट दिसली. रविवारी दुखत नव्हतं. एकाही रविवारी नाही.

मग त्याचं डोकं चाललं, आणि ते एकाच वाटेनं चालणारं डोकं. रविवारी दुकान बंद. रविवारी तो ओट्यापाशी स्टूल टाकून बसतो आणि कशात काय पडतं ते डोळ्यांनी बघतो. इतर दिवशी तो दुकानात आणि ओटा मोकळा.

गुरुवारी दुपारी पान वाढल्यावर त्यानं वही तिच्यासमोर उघडून ठेवली.

"मी बघत असलो की दुखत नाही. मी नसलो की दुखतं. आता तूच सांग."

"काय सांगू, दादा?"

"असं होय?"

बहिणीनं गॅस बंद केला. भांडली नाही, रडली नाही, दिलेल्या पिठाच्या डब्याचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाली की मैत्रीण कधीची बोलावतेय, उद्याच्या संध्याकाळच्या बसनं जाते, आणि परत यायचं की नाही ते तिकडे गेल्यावर बघते. बाइंडरनं मान डोलावली. मनात मात्र म्हणाला, चोराच्या मनात चांदणं.

शुक्रवारी दुपारी तो घरी गेलाच नाही. दुकानात फर्मे, म्हणजे पुस्तकाची घडी घातलेली पानं, शिवायला ठेवलेली मावशी होती. वीस वर्षं त्याच्यासमोर मांडी घालून ती सुई ओवत आली, पण आपला आजार त्यानं तिला सांगितला नव्हता. उगाच गिऱ्हाइकांत बोभाटा नको. त्यामुळे तो नुसताच घरातल्या माणसांवर भरवसा नाही असं पुटपुटत राहिला, आणि मावशी सुईच्या नेढ्याकडे बघून "हं, हं" करत राहिली.

किल्ली द्यायला बहीण दुकानाच्या दारात आली, तेव्हा तो पाठमोरा होता. त्यानं पानं चिकटवायच्या खळीचं भांडं पुढे ओढलं, तर्जनी बुडवली, चाटली, टाळूला जीभ लावून 'टक्' केलं.

त्याच्या उस्तादानं त्याला तसंच शिकवलं होतं. खळ आंबली की पानं धरत नाही, आणि आंबलेली खळ नाकाआधी जिभेला कळते. इतर बाइंडर खळीत मोरचूद घालतात, मग ती टिकते आणि चाखायची कोणाची हिंमत होत नाही. हा घालत नसे. शाळेची पुस्तकं बांधतो, पोरं कोपरे चावतात, विष कशाला? म्हणून दिवसातून पाच-सहादा चाखायचं. त्याच्या लेखी ते खाणं नव्हतंच, ते काम होतं.

"दादा, ही खळ कशाची?"

"मैद्याची. कशाची असणार?" तो म्हणाला, आणि ओठ पुढेच राहिला.

मावशीची सुई थांबली. बाइंडरनं बोटाकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, मग चाखणं आणि खाणं यांत फरक असतो असं काहीतरी सुरू केलं. बहिणीनं ते पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी जेवणात काही घातलं नव्हतं, असं म्हण."

"नसशील घातलं."

"'नसशील' नाही. 'नव्हतंस' म्हण."

तो चष्मा पुसू लागला. बाहेर हातगाडी येऊन निघून गेली तरी पुसतच होता.

"तू घातलं नव्हतंस," तो शेवटी म्हणाला. मावशीसमोर म्हणाला, हे त्याला सगळ्यात जड गेलं.

बहीण थांबते म्हणाली नाही, जातेही म्हणाली नाही. पिशवी मांडीवर घेऊन मावशीशेजारी बसली. बस सुटायला वेळ होता.

बाइंडरला एक वही चिकटवायची होती. खळ सकाळची, ऊन कडक. बोट सवयीनं भांड्याकडे गेलं आणि काठावरून मागे आलं. त्यानं भांडं उचललं आणि बहिणीपुढे धरलं.

"आंबलीय का बघ."

तिनं नाक जवळ नेलं. "आंबलीय. टाकून दे."

त्याला वास येत नव्हता. पोरपणापासून जिभेवर भिस्त ठेवलेलं नाक ते, त्याला काय कळणार! निम्मं भांडं भरलेलं होतं आणि त्याच्या मते ती अजून दोन तास सहज चालली असती. खालचा ओठ पुढे यायला लागला, तो त्यानं दातांत धरला. मोरीपाशी गेला आणि सगळी खळ ओतून दिली.