रंभाने न वाचता दिलेलं पुस्तक

आकुर्डीतल्या विहाराच्या वरच्या मजल्यावर एक वाचनालय आहे. तिथं जाऊन कुणी रंभा ओव्हाळला म्हटलं, ‘‘ताई, एखादं चांगलं पुस्तक द्या,’’ की ती कपाटाकडे बघत नाही, माणसाकडे बघते आणि विचारते, ‘‘शिफ्ट कुठली?’’

नवखा माणूस गोंधळतो. पुस्तकाचा आणि शिफ्टचा काय संबंध? पण तिच्या लेखी सगळं शिफ्टवरच असतं. पहिल्या पाळीवाला पहाटे कंपनीच्या बसमध्ये मान टाकून झोपतो, वाचतो ते परतीच्या वाटेवर. चाकणहून येताना तळवड्याला बस अडकली की अडकली, त्यामुळे त्याला लांब प्रकरणांचं पुस्तक चालतं. दुसऱ्या पाळीवाल्याला घरची कामं उरकून वीस मिनिटं मिळतात. त्याला ती छोटी प्रकरणं आणि दुसऱ्याच पानावर खून असलेलं पुस्तक काढून देते. तिसऱ्या पाळीवाल्याला भुताखेतांचं काही देत नाही. ‘‘तुझ्या झोपेचं आधीच खोबरं झालंय, त्यात माझी भर नको,’’ म्हणते.

रंभाचे वडील कंपनीत पेंटशॉपला होते. ती स्वतः या वाचनालयात आली ती झाडू मारायला. कपाटं पुसता पुसता तिने एक रहस्यकथा उघडली, आणि त्या दिवशी निम्मी खोली झाडायची राहिली. त्याला आता वीस वर्षं झाली. ग्रंथालयाचं सर्टिफिकेट तिच्याकडे नाही. मात्र हजारभर पुस्तकांतला खुनी कोण, हे तिला तोंडपाठ आहे, आणि आजवर तिने एकाचंही नाव फोडलेलं नाही. जयंतीला डीजे एक दिवस कमी लावा आणि त्या पैशांची नवी पुस्तकं आणा, म्हणून ती पोरांशी दोन वर्षं भांडली. तिसऱ्या वर्षी पोरं कंटाळली आणि पुस्तकं आली.

वाचनालयाचे सेक्रेटरी निरंजनराव निगडी प्राधिकरणात बंगल्यात राहतात. ते अधूनमधून येऊन सांगतात, ‘‘रंभाताई, हे खुनाबिनाचं कमी करा. वैचारिक पुस्तकं वाढवा.’’

‘‘वैचारिकचं कपाट आहे की साहेब,’’ रंभा म्हणते. ‘‘तुमच्या हस्तेच उद्घाटन झालं होतं. तेव्हापासून त्याची किल्ली कुणी मागितलेली नाही.’’

या वाचनालयाची एक रीत आहे. पुस्तकावर लिहायला सक्त मनाई, पण पान एक्कावन्न वाचकांना मोकळं. पुस्तक पूर्वी नेलं होतं की नाही हे माणूस विसरतो, म्हणून प्रत्येकजण त्या पानाच्या कोपऱ्यात आपली खूण करतो. कुणाचा बाण, कुणाची चांदणी, कुणाचा नुसता ठिपका. रंगरावांची खूण म्हणजे चौकोन आणि त्यात फुली. रंगराव हे बावीस वर्षं प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनींपुढे, काढून रिटायर झालेले गृहस्थ, आणि वाचनालयातले सगळ्यात खडूस वाचक. पुस्तक फालतू निघालं तर ते परत करत नाहीत, टेबलावर आपटतात. त्यामुळे पान एक्कावन्नवर चौकोन-फुली दिसली आणि पुस्तक आपटलं गेलेलं नसलं, की ते पुस्तक पास झालं असं रंभा धरून चालायची.

आणि दुसरी रीत रंभाची स्वतःची. स्वतः पुरतं वाचल्याशिवाय ती एकही नवं पुस्तक कुणाला सुचवत नाही. या गोष्टीचा तिला केवढा तोरा! ‘‘मी वाचलंय, बिनधास्त न्या,’’ हे तिचं वाक्य म्हणजे आयएसआयचा शिक्काच.

जाईबाई या तिच्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या वाचक. जाईबाईंचे यजमान, नवनाथ, चाकणच्या एका कंपनीत प्रेसवर होते. डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकलेला पत्रा काढायला वाकले आणि वरून प्रेस आली. जागेवर गेले. चौथ्या दिवशी कंपनीचा साहेब घरी कागद घेऊन आला, जाईबाईंनी त्यावर अंगठा दिला. वर्षभराने कळलं, की त्या कागदात ‘कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’ असं लिहिलं होतं. माणूस मेला तो मेला, वर गुन्हेगारही तोच! असले कागद या पट्ट्यात किती कपाटांत पडून आहेत, त्याची मोजदाद कोण करणार?

जाईबाई तेव्हा विहाराचा जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाई, मला वाचाय शिकीव. परत कुनाला अंगठा देनार न्हाई मी.’’

वय पंचावन्न. रंभाने रोज सकाळी तासभर घेऊन वर्षभरात त्यांना वाचायला लावलं. बाराखडीच्या पुस्तकाला जाईबाई कंटाळल्या, तेव्हा रंभाने त्यांच्या हातात साखर कारखान्यातल्या खुनाची एक गोष्ट ठेवली. ते पुस्तक जाईबाईंनी अकरा दिवसांत संपवलं. परत द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘कुनी मारला ते कळंस्तवर मी भाकरीला हात लावला न्हाई. सून म्हनली, सासूला लागिर झालं.’’

तेव्हापासून दर मंगळवारी जाईबाई यायच्या. मुलाने मोशीत फ्लॅट घेतला, त्या तिकडे राहायला गेल्या, तरी मंगळवार चुकला नाही. मोशीहून निगडीला पीएमटी, निगडीहून शेअर रिक्षा. पिशवीत जुनं पुस्तक आणि रंभासाठी काहीतरी, कधी शेंगदाण्याची चटणी, कधी लसूण.

जानेवारीत सात नव्या रहस्यकथा आल्या. रंभाने सहा वाचून काढल्या. सातवं, निळ्या कव्हरचं, चाळीस पानं वाचून झालं होतं. एका वकिलाचा खून, त्याची चतुर बायको, झकास चाललेलं. तेवढ्यात रंगराव ते मागायला लागले. ते काही सुचवलेलं नेणारे गिऱ्हाईक नव्हे, स्वतः निवडणारे, म्हणून तिने देऊन टाकलं. दोन दिवसांत त्यांनी ते गुपचूप टेबलावर ठेवलं आणि दुसरं नेलं. तिने पान एक्कावन्न उघडलं. चौकोन-फुली होती.

पुढच्या मंगळवारी जाईबाई आल्या. ‘‘काय हाय का नवीन?’’

‘‘हे न्या मावशी. फर्स्टक्लास आहे.’’

‘‘तू वाचलंस न्हवं?’’

‘‘वाचलंय की. बिनधास्त न्या.’’

जीभ सरावाने बोलून गेली. मनाला टोचलंही नाही. रंगरावांनी वाचलंय म्हणजे वाचल्यासारखंच, नाही का?

पुढच्या मंगळवारी जाईबाई आल्या नाहीत. थंडी आहे, गुडघे धरले असतील. त्याच्या पुढच्याही मंगळवारी नाहीत. रंभाने फोन लावला. सून मिनलने उचलला. ‘‘आई झोपल्यात, काकू.’’ दुसऱ्यांदा लावला तरी आई झोपल्यातच. भर दुपारी बाराला जाईबाई झोपतात, यावर रंभाचा विश्वास बसणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात रंगराव आले, तेव्हा तिने सहज विचारलं, ‘‘दादा, ते निळं पुस्तक कसं होतं? शेवट बरा होता ना?’’

रंगराव कपाटाकडे तोंड करून म्हणाले, ‘‘शेवट कुठं वाचला मी?’’

‘‘म्हणजे? खूण केलीय की तुम्ही एक्कावन्नवर!’’

‘‘मग? एक्कावन्नपर्यंत गेलो, खूण केली. त्रेसष्टला बंद केलं.’’

‘‘का? काय आहे त्रेसष्टवर?’’

रंगरावांनी कपाटातलं एक पुस्तक ओढलं, परत आत ढकललं. मग म्हणाले, ‘‘प्रेसखाली माणूस जातो. सगळं लिहिलंय. आवाजासकट. त्या लेखकानं पाहिलेलं असणार, ताई. मी बावीस वर्षं त्या मशिनीपुढं उभा होतो. मला पुढं नाही वाचवलं.’’

‘‘अहो, मग बोलायचं होतं ना! एरवी टेबल फोडता आपटून!’’

‘‘काय बोलायचं? रंगराव पुस्तकाला घाबरला, असं?’’

एकदम तिच्या तोंडाशी आलं होतं, की दादा, तुमच्या मर्दपणापायी माझ्या म्हातारीच्या जखमेवरची खपली निघाली. पण तिने गिळलं. दोष रंगरावांचा नव्हताच. ‘मी वाचलंय’ हे रंगराव बोलले नव्हते.

पानाच्या कोपऱ्यातली खूण म्हणजे माणूस तिथपर्यंत पोचला, एवढंच. पुढे गेला की मागे फिरला, ते खूण कशी सांगणार? वीस वर्षं ती खुणा बघत होती आणि एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती.

गुरुवारी सकाळीच वाचनालयाला कुलूप लावून ती निगडीच्या स्टँडवर गेली आणि मोशीची बस पकडली. आयुष्यात तिने फारशी कुणाची माफी मागितली नव्हती. भांडणं पुष्कळ केली, ती जिंकली तरी होती किंवा अर्धवट सोडली होती. बसमध्ये तिने तीन-चार वाक्यं जुळवून पाहिली. सगळ्यांत कुठेतरी रंगराव येत होते. तिचीच तिला चीड आली.

जाईबाईंचा फ्लॅट सातव्या मजल्यावर. दार मिनलने उघडलं, कानात हेडफोन. ‘‘या काकू. माझा कॉल चालूय, जरा हळू हं.’’ आणि बोटाने गॅलरी दाखवली.

जाईबाई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारच्या स्टुलावर निळं पुस्तक पालथं ठेवलेलं. त्यांनी रंभाकडे बघितलं, ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

रंभा खालीच फरशीवर बसली. ‘‘मावशी, मी ते वाचलं नव्हतं. चाळीस पानं वाचली होती. तुमच्याशी खोटं बोलले.’’

जाईबाई समोर नव्या बिल्डिंगच्या क्रेनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘तो सायेब आला हुता न्हवं कागद घिऊन, चौथ्या दिशी? त्यो बी असंच म्हनला. म्या वाचलंय मावशी, काय न्हाई त्यात, लावा अंगठा.’’

रंभाला वाटलं, त्यापेक्षा हिने कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

‘‘चुकलं माझं,’’ ती म्हणाली. तिन्ही-चारही वाक्यं विसरली होती, हे दोनच शब्द उरले.

आत मिनल इंग्रजीत कुणाला तरी आकडे सांगत होती. जाईबाईंनी पुस्तक उचललं आणि पदराने पुसलं. ‘‘तीन आठवडं झालं. पुढं वाचवत बी न्हाई आन ठिवून देववत बी न्हाई. त्यातल्या मानसाला कुनी मारला, तू सांग.’’

‘‘मला माहीत नाही, मावशी.’’

‘‘मंग वाच की. मोठ्यानं.’’

‘‘इथं?’’

‘‘मंग काय आळंदीला जायचं?’’

रंभाने पान त्रेसष्ट उघडलं. पहिली चार वाक्यं तिने सावकाश वाचली. जाईबाई हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. प्रेस खाली आली तिथं त्यांनी डोळे मिटले, पण थांब म्हणाल्या नाहीत. ते पान गेलं. पुढचं गेलं. मग लेखकाने लिहिलं होतं, की ऑपरेटरने एक बटण दाबलं आणि मशीन सुरू झालं.

‘‘येक न्हाई,’’ जाईबाई डोळे न उघडता म्हणाल्या. ‘‘दोन असत्यात. दोनी हातानं दाबायची. हात आत ऱ्हाऊ ने म्हनून. आमच्या ह्यानं सांगितलं हुतं मला.’’

‘‘लेखकाला माहीत नसेल.’’

‘‘मंग लिव्हतो कशाला?’’

रंभाला हसू आलं, आणि आपण हसलो याची भीतीही वाटली. पण जाईबाईंचाही ओठ हलला होता.

मिनल कॉल संपवून चहा ठेवून गेली. तो गार झाला. रंभाने वाचायचं, जाईबाईंनी मध्येच अडवायचं. वकिलाची बायको खोटारडी, हे त्यांनी नव्वदाव्या पानालाच सांगून टाकलं. ऊन गॅलरीतून सरकत समोरच्या भिंतीवर गेलं, तेव्हा शेवटची पानं आली. पुस्तकात तपास करणाऱ्या पोलीसबाईने शोधून काढलं, की प्रेसचा सेन्सर, हात आत असला तर मशीन थांबवणारा, तारेने बांधून बंद केलेला होता. मालाची घाई होती, लाइन थांबवायची नव्हती. बांधा म्हणून सांगणाऱ्याचं नाव कोर्टात घेतलं गेलं, हे दडपायला वकिलाला मारणाराही तोच निघाला, आणि गोष्ट संपली.

रंभाने पुस्तक मिटलं.

‘‘एवढी दीड-दोनशे पानं लागली व्हय त्या पोलीसबाईला?’’ जाईबाई म्हणाल्या. ‘‘मला इचारलं असतं तर मी पयल्या दिशी सांगितलं असतं.’’

‘‘काय सांगितलं असतं?’’

‘‘तार. तीन दिस आदी ह्यो जेवताना बोलला हुता. आमच्या मशिनीला तार बांधलीय म्हनला, सायबांनी बांधाय लावली. म्हनला, मला भ्या वाटतं. मी म्हनलं, जपून ऱ्हावा.’’ त्यांनी चष्मा काढला. ‘‘पोलीस आलं, कंपनीचं आलं, सरकारी मानूस आला. समद्यांनी इचारलं, नवनाथ दारू पीत हुता का? तार बांधली हुती का, असं मला कुनी इचारलंच न्हाई.’’

‘‘मावशी, हे लिहून काढू आपण. युनियनमधल्या लोकांना दाखवते मी. वकील बघू. अजूनही काही होऊ शकतं.’’

‘‘बघ. व्हतंय का बघ,’’ जाईबाई म्हणाल्या. त्या आवाजात आशा होती की थकवा, हे रंभाला कळलं नाही. ‘‘पन लिव्हायचं ते मी लिव्हीन. तू शुद्धलेखन बघ नुसतं.’’

‘‘बरं.’’

रंभा उठली. पुस्तक पिशवीत घातलं. दारापर्यंत गेली तरी विचारायचा धीर होईना. शेवटी चपला घालता घालता म्हणाली, ‘‘मंगळवारी याल?’’

‘‘आता काय दिशील?’’

‘‘एक आहे. बँकेतला दरोडा आहे. तो मी वाचलाय. खरंच वाचलाय मावशी, शेवटच्या पानापर्यंत.’’

‘‘त्यात मशीन हाय?’’

रंभाने खरोखर आठवून पाहिलं. ‘‘दरोड्यात नाही. पण एका ठिकाणी वॉचमनचा भाऊ कंपनीत जखमी होतो. अर्धंच पान आहे. नको असेल तर दुसरं बघते.’’

जाईबाईंनी चष्मा परत लावला.

‘‘असू दे. आन ते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कितव्या पानावर हाय, तेवढं सांगून ठिव.’’