काळ्या कोटातले एकेचाळीस फोटो

फोटोमामांच्या स्टुडिओत शिरलेला माणूस दहा वर्षांनी तरुण होऊन बाहेर पडायचा, आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केली नव्हती. ओळखपत्राच्या फोटोसाठी मामा खुंटीवरचा काळा कोट देत. बाई असो की बाप्या, कोट तोच. मग कॉम्प्युटरसमोर बसून ते सुरकुत्या, वण, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं असं सगळं पुसून काढत. "सरकारदरबारी जायचंय, जरा बरं नको दिसायला?" असं वर म्हणत. अर्जावर खरा चेहरा लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! पण स्वभावाला औषध नसतं, आणि गावातल्या बायका या पुसापुशीसाठीच तर त्यांच्याकडे यायच्या.

स्वतःच्या बायकोच्या फोटोवर मामांनी अख्खी दुपार घालवली. कामही तसंच नाजूक होतं. लेक परदेशात, तिला आठवा महिना लागलेला. मागच्या खेपेला बाळ पोटातच गेलं तेव्हा तिच्याजवळ माहेरचं कुणी नव्हतं. या वेळी आई हवी, एवढंच ती फोनवर सांगायची. मामींचं ओळखपत्र झालं की प्रवासाचा परवाना, परवाना मिळाला की विमान, आणि हातात जेमतेम तीन आठवडे. कचेरी शहरात होती. एवढं जातोच आहोत तर शहरही पाहून घेऊ, असं मामींनी ठरवून टाकलं. तिथला घड्याळाचा मनोरा त्यांनी फक्त स्टुडिओच्या पडद्यावर रंगवलेला पाहिला होता, आणि त्यालाही लग्नाइतकीच, म्हणजे छत्तीस वर्षं झाली होती.

कचेरीत सकाळी लवकर नंबर लागला. मामींना बाकावर बसवून मामाच खिडकीशी गेले. खिडकीतल्या बाईंनी फोटो पाहिला, काचेखालची एक यादी पाहिली, पुन्हा फोटो पाहिला आणि आत निघून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. फोटो कुणी काढला, असं त्यांनी विचारलं. मीच, असं मामांनी जरा ताठ्यानेच सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. मग चार वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत दोघांनी यायचं, तोवर शहर सोडायचं नाही, असं बजावून पावती दिली. पुढच्यामागच्या सगळ्यांच्या पावत्यांवर निळा शिक्का होता. यांच्या पावतीवर तांबडा होता.

मामांनी पावती घडी घालून खिशात टाकली आणि साहेब चारला येतात, असं मामींना सांगून टाकलं. छत्तीस वर्षांत खोटं बोलायची फारशी वेळ आली नव्हती, त्यामुळे ते त्यांना नीट जमलंही नाही.

मग दोघं शहर बघत हिंडली. मामी खुशीत होत्या. पुलावरून बोटी मोजल्या, संग्रहालयातल्या जुन्या राण्यांच्या पलंगांना नावं ठेवली, बागेतल्या म्हाताऱ्या कासवाला उगीच बोल लावले. मामांना यातलं काही दिसत नव्हतं. कुठे गणवेशातला माणूस उभा दिसला की ते रस्ता बदलायचे. खिशातला कागद सारखा चाचपायचे. दुपारी ताट अर्धंच सोडलं. पोट जड आहे म्हणाले, तर मामींनी पर्समधून ओवा काढून दिला.

मनोऱ्याच्या एकशे ऐंशी पायऱ्या मामी चढल्या. वर वारा भणाणत होता. लेकीला पाठवायला एक फोटो काढा म्हणून त्या कठड्याशी उभ्या राहिल्या. मामांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि भर उन्हात बायकोचा चेहरा दिसताक्षणी त्यांच्या मनाने पुसायला सुरुवात केली. आधी कपाळ, मग हनुवटीवरचा वण. त्यांचं त्यांनाच भय वाटलं. ऊन बरोबर नाही, असं म्हणून त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

तिसऱ्या मजल्यावरचा अधिकारी रागावलेला नव्हता, आणि मामांना तेच अवघड वाटलं. रागावलेल्या माणसाची निदान समजूत काढता येते. त्याने शांतपणे सांगितलं की कचेरीत चेहरे ताडून पाहणारं नवं यंत्र आलं आहे, आणि तुमच्या एका गावातून एकच बाई एकेचाळीस नावांनी कार्डं मागते आहे असं ते म्हणतं. त्याने टेबलावर फोटो मांडले. एकेचाळीस काळे कोट, एकेचाळीस गुळगुळीत कपाळं.

मामांना आधी हसू आलं. मग त्यांनी कोटाचं, पुसापुशीचं, गावातल्या बायकांच्या हौसेचं सगळं घडाघडा सांगितलं. अधिकाऱ्याने ते सगळं लिहून घेतलं.

"हे खरं असेल तर सोपं आहे," शेवटी तो म्हणाला. "नावं मागच्या बाजूला आहेत. तुमची बायको यातली कोणती, तेवढं दाखवा. बाई, तुम्ही बोलायचं नाही."

मामा वाकले. त्यांनी मामींकडे पाहिलं. वाऱ्याने पिंजारलेले केस, डोळ्यांशी सुरकुत्यांचं जाळं, हनुवटीवर वण. असा चेहरा टेबलावर कुठेच नव्हता. आपणच पुसलेलं आता कुठून आणणार? दुसऱ्या ओळीतल्या एका फोटोवर त्यांचं बोट दोनदा गेलं आणि दोनदा मागे आलं. तिसऱ्यांदा त्यांनी तो उचलला.

अधिकाऱ्याने तो उलटा केला आणि नाव वाचलं. ते गावातल्या शिंपिणीचं होतं.

मामी बसल्या जागी ताठ झाल्या. अधिकाऱ्याने फायलीवर काहीतरी लिहिलं. चौकशी होईल, एकेचाळीस जणींना बोलावणी जातील, स्टुडिओला उद्या कुलूप लागेल, आणि बाईंचा अर्ज निदान सहा महिने तरी अडकेल, असं त्याने त्याच शांत आवाजात सांगितलं.

"सहा महिन्यांत मूल पालथं पडायला लागतं," मामी म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही.

मामा काहीतरी बोलू पाहत होते. मामींनी त्यांच्याकडे न पाहता पर्समधला फोन काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"लेकीला तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "काय झालं तेही सांगा. कुणाचा फोटो उचललात, तेसुद्धा."