टॉकीजमधलं लग्न

देवाशपथ सांगतो, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. एक गोष्ट सोडून. तीही बरीचशी खरीच! आमच्या पेठेतल्या टॉकीजचा बँक्वेट हॉल झाला, तेव्हापासून किस्से कपाटात कोंबलेल्या कपड्यांसारखे साठलेत. एक ओढला की चार अंगावर पडतात.

पडदा गेला, खुर्च्या गेल्या, उरलो दोघं. मी ऑपरेटर, पूर्वी प्रोजेक्टर चालवायचो, आता त्याच केबिनमधून लाइट आणि साउंड बघतो. आणि डोअरकीपर सदूभाऊ, टॉर्चसकट.

*

पहिल्याच लग्नात सदूभाऊंनी दारात प्रत्येकाची पत्रिका घेतली आणि टर्रकन अर्धी फाडली!

"अहो, आमंत्रण आहे ते!"

"अर्धं दिलंय ना परत? जपून ठेवा. आत विचारतील."

जिलबी घेताना निम्मे लोक अर्धुकं पुढे करत होते!

*

बाल्कनी तशीच ठेवलीय. सदूभाऊंनी मुलाकडचे तिथे चढवले, मुलीकडचे खाली. मुलीची आत्या कडाडली, "आम्ही काय स्टॉलच्या स्वस्त तिकिटवाले?"

"ताई, बाल्कनीतनं उतरेपर्यंत श्रीखंड संपतं."

आत्याबाईंनी खालचीच पहिली रांग धरली.

*

एकदा मंगलाष्टकं लांबली. सहावं सुरू झालं तशी सदूभाऊंनी सवयीनं इंटरव्हलची घंटा दाबली, दारं उघडली. अख्खा हॉल वडा खायला बाहेर! आत फक्त गुरुजी, आणि हार धरून अवघडलेले दोघं.

नव्या मालकीणबाई, आमच्या मॅडम, लालबुंद. "आता एक तक्रार आली, की तुम्ही घरी!"

सदूभाऊ केबिनमध्ये येऊन बसले. "घरी बसून कुणाला आत सोडू रे?"

*

पुढच्याच रविवारी त्यांनी नवऱ्याच्या मामांना दारात अडवलं. "हाऊसफुल!" मामा तडक निघाले मॅडमकडे. मी वरनं बघत होतो. मामांनी तोंड उघडलं, आणि लाइट गेली!

टॉकीजला खिडकी नाही. भर दुपारी मिट्ट काळोख. जनरेटरही रुसला. दोनशे मोबाइल पेटले आणि जो तो दुसऱ्याच्या डोळ्यांत उजेड मारू लागला. मुहूर्ताला चार मिनिटं!

तेवढ्यात जमिनीलगत एक पिवळा गोल सरकला. "खाली बघून चला. पायरी आहे." सदूभाऊंनी नवरीला बोहल्यावर पोचवलं, गुरुजींच्या पोथीवर टॉर्च धरला, मामांना कोपराला धरून पहिल्या रांगेत बसवलं. अक्षता पडल्या. लगेच लाइट आली.

"तुम्ही काहीतरी सांगत होतात?" मॅडमनी मामांना विचारलं.

"हो. हा माणूस सोडू नका!"

तर, यातलं खोटं एवढंच, की लाइट गेली. मेन स्विच माझ्या केबिनमध्ये आहे.