सशाच्या पोटातला चुना

मायचा उजवा हात मोडला तो दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, आमच्या वरठीच्या घरात, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर. हाडांच्या डॉक्टरांनी मनगटाला प्लॅस्टर घातलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हाडं आतून पोकळ झाली आहेत, कॅल्शियम कमी पडतंय. गोळ्या लिहून दिल्या. शिवाय दूध, तीळ, पालेभाज्या आणि जमलं तर शेवग्याचा पाला. शेवगा आमच्या परसातच होता. दोन वर्षांपूर्वी माय दिघोरी सोडून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिनंच ती फांदी रोवली होती.

दिघोरीत तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांत धान रोवलं, कापलं, आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या बैलांसाठी गवताचे भारे वाहिले. त्या भाऱ्यांवर मी शिकले. भंडाऱ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला नोकरी लागली त्या दिवशी तिनं विळा छपरात खोचला आणि म्हणाली, "आता गवताचं नाव नाई घ्याचं." त्यानंतर कितीतरी वर्षं तिनं खरंच गवत कापलं नाही.

हात गळ्यात बांधून माय दिवसभर घरी असायची. माझा नवरा स्टीलच्या कारखान्यात, मी लॅबमध्ये, लेक नर्सिंगच्या शिक्षणासाठी नागपूरला. सोबतीला होता तो लेकीचा ससा. लेकीनं त्याला एक इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण ते मायच्या तोंडात बसेना, म्हणून घरात तो नुसता ससाच. पांढरा, एक कान काळा, आणि भलता खादाड. लेक गेल्यावर तो मायचा झाला. ती खाटेवर बसली की तो तिच्या पायाशी येऊन लांब पडायचा.

मी सकाळी शेवग्याच्या पाल्याची भाजी करून ठेवायची. माय ती खायची, आणि परसातून हाताला येईल तेवढा कच्चा पाला ओरबाडून सशापुढे टाकायची. गावाहून भावानं लाखोरीच्या डाळीच्या रोपांचे कोवळे शेंडे पाठवले, तर त्यातलेही अर्धे सशाला. तिचा हिशोब सरळ होता. डॉक्टर म्हणतात याच्यानं हाडं पक्की होतात, तर सशालाही हाडं आहेतच की. मलाही त्यात काही चूक दिसली नाही. मी तर मनात म्हटलं, बरं झालं, दोघं मिळून जेवतात.

डिसेंबरात फरशीवर पांढरे डाग दिसायला लागले. वाळले की खडूसारखे, ओले असले की पानाला लावायच्या चुन्यासारखे. माय ओल्या फडक्यानं पुसून टाकायची. मी एकदा ते फडकं पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, भिंतीचा रंग निघतोय का. कोणाच्याच डोक्यात आलं नाही की हे सशाचं मूत आहे.

मग एका रविवारी ससा कोपऱ्यात पोक काढून बसला तो हलेचना. दात कराकरा खात होता. मागचा भाग ओला, केस चिकटलेले. मी त्याला उचललं तर तो अंग आकसून थरथरला. नवऱ्यानं मोटरसायकल काढली, मी मागे टोपली धरून बसले, आणि आम्ही भंडाऱ्याला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो.

त्या तरुण बाई होत्या. दाराशी दोन शेळ्या आणि एक वासरू आमच्या आधी होतं. त्यांनी आधीच सांगितलं, "मी वर्षात फार तर दोन-तीन ससे बघते. जे कळतं ते करते, नाही कळलं तर माझ्या सरांना फोन करून विचारते. चालेल?" मला त्या तिथेच आवडल्या. त्यांनी हलक्या हातानं पोट चाचपलं आणि म्हणाल्या, "मूत्राशय भिजवलेल्या कणकेसारखं लागतंय." एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर सशाच्या पोटात अंड्याएवढा पांढराशुभ्र गोळा होता, त्याच्या हाडांपेक्षाही पांढरा.

"हे सगळं कॅल्शियम," त्या म्हणाल्या. "तुम्ही-आम्ही कितीही खाल्लं तरी आपलं शरीर लागेल तेवढंच घेतं. सशाचं तसं नाही. जेवढं खाण्यातून येईल त्यातलं बरंचसं तो रक्तात घेतो आणि नको असलेलं लघवीतून टाकतो. थोडं असलं तर लघवी गढूळ होते, त्याचं काही नाही. फार झालं की तळाशी गाळ बसतो. काय खातो हा?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी त्यांनी सरांना फोन केला, सशाला गुंगी दिली, सलाइन देऊन मूत्राशय धुऊन काढलं. निघालेला गाळ मी पाहिला. टूथपेस्टसारखा. जाताना त्या म्हणाल्या, "पुन्हा भरलं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि सशाला ते झेपतंच असं नाही. आता मुख्य औषध म्हणजे गवत. आणि भरपूर पाणी."

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असावा. ती म्हणाली, "मंजे म्याच त्याले मारून राहिली होती."

"तसं नाई, माय. मलेही माहीत नव्हतं."

"पाला तं म्याच देल्ला ना."

त्यानंतर ती सशाजवळ गेलीच नाही. तो खाटेशी आला की पाय वर घेऊन बसायची.

मी मात्र झपाटून कामाला लागले. शेवगा बंद, लाखोरी बंद, मेथी, कोथिंबीर, सगळाच पाला बंद. शेजाऱ्यांकडून धानाचं तनीस, म्हणजे पेंढा, आणलं, ते टोपलीभर ठेवलं. सोबत काकडीची एक फोड आणि पाकिटातलं सशाचं दाणेदार खाद्य. बाटलीऐवजी पाण्याचं पसरट भांडं ठेवलं. दोन दिवसांत ससा जास्तच सुकला. खाद्य तेवढं संपवायचा, तनीस हुंगून सोडून द्यायचा. लेंड्या मिऱ्याएवढ्या झाल्या. मी डॉक्टर बाईंना फोन केला, तर त्या पहिल्यांदाच रागावल्या.

"सगळं बंद करा असं मी कुठे म्हटलं? ससा दिवसभर उपाशी राहिला तर आतडी थांबतात, तो जगत नाही. आणि कॅल्शियम अगदीच बंद केलं तर दात खराब होतील. त्याला चांगलं, पानाचं गवत पाहिजे. हिरवं, नाहीतर हिरवं असताना वाळवलेलं."

चांगलं गवत म्हणजे कोणतं, हे मला लॅबवालीला काय कळणार. फोन स्पीकरवर होता. माय खाटेवरून सगळं ऐकत होती. ती उठली, टोपलीतलं तनीस डाव्या हातानं उचलून नाकाशी नेलं आणि परत टाकलं.

"ह्यात काय हाये? धान काढून घेतल्यावर उरलेल्या काड्या. बैलही उपाशी असल तवाच खाते. चाल, बोडीवर जाऊ."

"कायले?"

"गवत पाह्याले."

प्लॅस्टर निघून पंधरा दिवस झाले होते. हात मोकळा होता, पण बोटं ताठ. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू तिनं उशाखाली टाकून ठेवला होता. गाडीवर मागे बसून ती मला वाट सांगत गेली. गावाबाहेर एक लहानशी बोडी आहे, पावसाचं पाणी साठवणारं तळं. थंडीतही तिच्या काठाला ओल असते. माय आधी चारही बाजूंनी फिरली. कुठल्या शेताचं पाणी इकडे येतं, तिथे फवारणी झाली का, गुरं कुठे बसतात, हे पाहिलं. मग एका उतारावर थांबून तिनं पायानंच दाखवलं. "ही दूब. हे मारवेल. हे दोनी दे. ते रुंद पानाचं सोड."

शेजाऱ्यांकडून आणलेला विळा मी चालवायला लागले. माय दोन मिनिटं पाहत राहिली.

"तू गवत कापून राहिली का त्याचे केस उपटून राहिली?"

तिनं विळा माझ्या हातातून घेतला. डाव्या हातात गवताची मूठ धरली आणि उजव्या, मोडलेल्या हातात विळा. मी म्हटलं, माय, जपून. तिनं ऐकलं नाही. पहिले चार-पाच फटके चुकले. बोटं मुठीवर बसेनात. ओठ दाबून ती थांबली, बोटं एकेक करून मुठीभोवती वळवली आणि परत वाकली. हळूहळू तो आवाज यायला लागला, लहानपणी मी रोज ऐकलेला, ओलं गवत बुडाशी तुटतानाचा. अर्ध्या तासात एक पेंडी झाली. तिच्या कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर असं काही होतं जे मी तिचा हात मोडल्यापासून पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं अर्धं गवत धुऊन ओलंच सशापुढे ठेवलं, म्हणजे पाणीही पोटात जातं. अर्धं गच्चीवर सावलीत पसरलं. "उन्हात वाळवलं का वास जाते, मंग तो खात नाई." ससा आला, हुंगलं आणि खायला लागला. खाता खाता मध्ये थांबलाही नाही. माय पाय खाली सोडून बसली होती. तिनं ते वर घेतले नाहीत.

मग मी माझ्या कामाची अक्कल वापरली. लॅबच्या सरांची परवानगी घेऊन तिथून काही काचेच्या नळ्या आणल्या. दर रविवारी सकाळी सशाला लघवीसाठी नव्यानं ठेवलेल्या ट्रेमधून सिरिंजनं लघवी ओढायची, नळीत भरायची, तारखेची चिठ्ठी चिकटवायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी ठेवायची. संध्याकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो. पहिल्या नळीचा थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा भिंगाखालचा सगळा गोल पीक आलेल्या शेतासारखा भरलेला होता, गोल गोल खडे आणि डमरूसारखे जोडखडे.

पहिल्या नळीत गाळ दोन बोटं होता. दुसऱ्या रविवारी दीड. तिसऱ्याला एक. माय रोज खिडकीशी जाऊन बोट लावून मोजायची. चौथ्या रविवारी तो परत दोन बोटं झाला.

मी सरळ मायकडे पाहिलं. "तू त्याले पाला देल्ला का?"

"नाई."

"माय, खरं सांग."

"म्या नाई देल्ला," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण ती उठून परसात गेली. थोड्या वेळानं परत आली तेव्हा तिनं सशाच्या खाद्याचं पाकीट उतरवलं, चार दाणे तळहातावर घेऊन पाण्याच्या थेंबानं चुरले आणि हात माझ्या नाकाशी आणला.

"हे घे, हुंग. हा घास हाये. मालकाच्या गाईसाठी म्या दहा वर्सं कापला हा."

घास म्हणजे लसूणघास, दुभत्या गुरांना घालतात तो. शेवग्यासारखाच कॅल्शियमनं भरलेला. मी पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. घटकांमध्ये पहिलाच तो होता. जुनं पाकीट संपल्यावर हे नवं मीच आणलं होतं, आणि ससा आवडीनं खातो म्हणून त्या आठवड्यात रोज वाटीऐवजी दोन वाट्या मीच घालत होते.

मी मायची माफी मागितली. ती म्हणाली, "राहू दे. नाक माह्यं, डोळे तुह्ये." आणि दाणे केराच्या डब्यात झटकले.

डॉक्टर बाईंना विचारून आम्ही खाद्य चमचाभरावर आणलं. गवत पोटभर, दिवसातून मूठभर ओला पाला, तोही आलटून पालटून, कधी कोथिंबीर तर कधी परसातलं दुसरं काही. शेवग्याची भाजी फक्त मायच्या ताटात. ससा दिवसभर घरात मोकळा, कारण बसून राहिला की गाळ बसतो. माय एक दिवसाआड बोडीवर जायची. आधी माझ्यासोबत, मग एकटी पायी. उशाखालचा चेंडू एकदा मी झाडताना बाहेर काढला तर म्हणाली, "तो टाकून दे. मले कायले पाह्यजे?" आणि पोळ्या लाटायला बसली, दोन्ही हातांनी.

मार्चमध्ये पुन्हा एक्स-रे काढला. या वेळी माय सोबत आली. डॉक्टर बाईंनी फिल्म उजेडावर धरली, बराच वेळ पाहिली, मग टेबलावर जुनी फिल्म शेजारी ठेवली. नव्या फिल्मवर हाडं होती, आतडी होती, आणि जिथे पांढरं अंडं होतं तिथे काहीच नव्हतं.

"हे कसं केलंत?" त्यांनी मला विचारलं.

मी मायकडे बोट केलं. मग पाऊण तास माय बोलत होती आणि डॉक्टर बाई लिहून घेत होत्या, कोणतं गवत कुठं येते, कवा कापाचं, केवढं झाल्यावर सोडून द्याचं. बाहेर एक म्हैसवाला वाट पाहत होता, तोही आत येऊन ऐकायला लागला आणि एका गवताच्या नावावरून मायशी वाद घालून हरला. पुढच्या महिन्यात डॉक्टर बाईंनी तुमसरच्या एका जोडप्याला आमच्याकडे पाठवलं. त्यांच्या सशालाही हाच त्रास होता. माय त्यांना घेऊन बोडीवर गेली आणि त्यांच्यातल्या नवऱ्याच्या हातात विळा देऊन त्याच्याकडूनच पेंडी कापून घेतली.

बुद्धपौर्णिमेला माय दिघोरीला गेली तेव्हा तिनं दुसरं काही मागितलं नाही, ती नवी फिल्म मागितली. मोठ्या पाकिटात घालून, घडी पडू न देता, तिनं ती बसमधून मांडीवर नेली. विहाराच्या ओट्यावर जुन्या सोबतिणी जमल्या होत्या, जन्मभर तिच्यासोबत बांध्यांत वाकलेल्या. तिनं पाकीट उघडून फिल्म उन्हाकडे धरली. एकजण म्हणाली, "वो बाई, याच्यात तं काईच दिसून नाई राहिलं."

"नाईच हाये," माय म्हणाली. "आता सांगतो, बसा."