पानं बघायला

"औंदा जायाचंच, मास्तर!"

द्राक्षबागेतून परतताना डोक्यावरचा पदर सारखा करत मावशी म्हणायच्या. तुम्ही ऐकलं असतंत, तर वाटलं असतं बाई जेजुरीला निघाल्यात. मावशींना जायचं होतं अमेरिकेला.

नव्वदच्या दशकाची अखेर. पिंपरी पेंढारच्या शाळेत मास्तर होतो आणि मावशींच्या घरातच भाड्यानं राहायचो. त्यांची लेक अमेरिकेत. तिनं पाठवलेल्या फोटोत दारातलं झाड लालभडक झालं होतं.

"पान लाल झालं की आमी फवारा मारतो, आन् तिकडं माणसं बघाया जात्यात!" मावशी हसल्या, पण फोटो आरशाच्या कडेला खोचून ठेवला.

अडचण एकच. तिकडं पानं रंगतात ऑक्टोबरात, आणि इकडं तेव्हाच द्राक्षाची छाटणी. मावशींचे यजमान, आबा, दरसाल म्हणत, "छाटणी टाकून कसं जायाचं?" लेक म्हणाली, मे महिन्यात या. मावशींनी साफ सांगितलं, "तवा झाड हिरवं. हिरवं जल्मभर बघितलंय."

अशी बरीच वर्षं गेली. मग एकदा जेवता जेवता आबाच म्हणाले, "तू जाऊन ये. मी हाय बागेला."

व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईपर्यंत मी सोबत गेलो. 'लेकीला भेटायला जाते' एवढंच सांगा, असं वाटेत कितीदा पढवलं. बाहेर आल्या त्या हसतच.

"काय सांगितलंत?"

"पानं बघायला चाललेय."

"अहो मावशी!"

"सायेब बी हसला. परत कवा येणार म्हनला. म्हनलं, द्राक्षाचं घड औषधात बुडवायचं डिपिंग असतंय, त्याच्या आत यायाच लागंल."

व्हिसा मिळाला!

परत आल्यावर आळीभर चॉकलेटं वाटली, विमानातल्या जेवणाला नावं ठेवली. पानांचं मात्र काही बोलेनात. शेवटी एका संध्याकाळी ओट्यावर मीच विचारलं.

"लई भारी व्हतं, मास्तर. झाडाखाली बसले. ह्यांना दावावं म्हनून बाजूला वळले, तर ह्ये कुठं व्हते तिथं? रडूच आलं."

पुढच्या साली दोघांनी जायचं ठरलं. आबांचा पासपोर्टही आला. पण फाल्गुनात मावशींना काविळीनं गाठलं. मंचरच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्याच नाहीत.

आबांनी त्या वर्षी छाटणी पुतण्यावर सोपवली आणि एकटेच विमानात बसले.

लेकीनं नंतर मला फोनवर सांगितलं. आबा दाराशी उतरले, लाल झाडाकडं नुसते बघत राहिले. बॅगाही आत नेऊ देईनात. मग हळूच विचारलं,

"ती कुठल्या बाजूला बसली व्हती?"