चष्म्याची अट

“चष्मा काढ आणि चालून दाखव.”

लेकीला बघायला आलेल्या मुलाच्या आईने तिला असं सांगितलं. विचुंब्यात, माझ्या घरात, माझ्याच सोफ्यावर बसून. बाजारात बैल चालवून बघतात तसं. पोरीने चष्मा काढला. पुढे टीपॉय. गुडघा आपटला, पोह्यांच्या बश्या खाली. मुलाचा मामा खो खो हसला. “अरे, ही तर सासूलाच तुडवेल!” मुलगाही हसला. इंजिनीअर म्हणे. खारघरला टॉवरात राहतात. एवढ्या उंचावर राहून अक्कल खालीच राहिली.

लेकीची आई गेल्या दिवाळीनंतर वारली. आमच्यात घरात मरण झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नायतर तीन वर्षं थांबायचं. त्या बाईला हे पक्कं ठाऊक. चपला घालता घालता म्हणाली, “लेझर करून घ्या, भाऊ. चष्मा गेला की साखरपुडा. घाई तुम्हालाच आहे.”

घाई होतीच. लेकीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. तिने मशीनवर डोळ्याचा रंगीत नकाशा काढला. म्हणाली, “बाबा, बुबुळावरचा पारदर्शक पडदा सगळीकडे सारखा नाही. खाली पातळ होऊन पुढे आलाय. लेझरने तो आणखी तासला जाईल, डोळा कायमचा बिघडेल. हिला लेझर नाही. आजार वाढू नये म्हणून वेगळा उपचार आहे, तो लवकर करू. चष्मा राहील.”

घरी येऊन त्या बाईला फोन केला. ऐकलं तसं सांगितलं.

“दुसरा डॉक्टर बघा ना. करून देणारे पुष्कळ आहेत. आणि वर्ष संपत आलंय, विसरू नका.”

मिठागरात जन्म गेला माझा. मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. पण माझ्या बायकोच्या मरणाचं वर्ष दाखवून मला कुणी धमकावलं नव्हतं. पोर आंधळी झाली तरी चालेल, फोटोत चष्मा नको. ही म्हणे शिकलेली माणसं! थू.

मी म्हणालो, “तुमच्या पोराचं डोळं धडधाकट हायत ना? तरी त्याला माझी लेक दिसली नाय. लेझर त्याचं करा.”

फोन ठेवला. जवळ बसलेली माझी बहीण रडायला लागली. “दादा, तीन वर्षं? पोर तिशीला टेकेल रे.”

लेक दारात उभी होती. म्हणाली, “बाबा, उपचाराला कधी जायचं?”

“उद्या.”

वर्षश्राद्ध येईल. मी पान वाढीन, बायकोला हात जोडीन. मांडव नसेल. आणि ती तीन वर्षांची रीतही मी मानणार नाय. ज्या रीतीचा दोर धरून कुणीही माझ्या लेकीला ओढू शकतो, ती माझ्या घरात बंद. पोर म्हणेल तेव्हा लग्न. नको म्हणाली, तर नाय.