बैल उभा, सायकल आडवी

सायकलवाल्यांचे पाय जेवढे चालतात, त्याच्या चौपट तोंड चालतं. आमच्या खामगावच्या ग्रुपमध्ये सात जण. रविवारी सकाळी टेकडीवर तासभर सायकल आणि खाली उतरल्यावर टपरीवर दोन तास चहा. किस्से साठणार नाहीत तर काय होणार! ओल्या काळ्या मातीत चाक फिरावं तसे थरावर थर चढत जातात.

माझी तक्रार किश्श्यांबद्दल नाही. तक्रार अशी, की प्रत्येक किस्सा माझ्यापासून सुरू होतो आणि दिनेशवर संपतो. ग्रुप मी काढला. टेकडीवरची वाट मी शोधली. हेल्मेट घाला म्हणून हात धुऊन सगळ्यांच्या मागे मी लागलो. माझं मेडिकलचं दुकान आहे, दिवसभर अख्खा मोहल्ला मला 'भाऊ' म्हणून सल्ला विचारतो. दिनेश लाईनमन. तीन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड सायकल घेऊन आला, आणि आता कुणी विचारलं की हा ग्रुप कुणाचा, तर लोक म्हणतात, "दिनेशचा ना?"

सरळच सांगतो, मी जळतो त्याच्यावर. का, ते ऐका.

*

आमची वाट टेकडीवरून तीन किलोमीटर उतरते. शेवटचा तुकडा सुमनबाईंच्या धुऱ्यावरून जातो. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, हातभर रुंद. तो नसेल तर वाट अर्ध्यातच संपते. म्हणून मी पावशेर पेढे घेऊन सुमनबाईंकडे परवानगी मागायला गेलो. पर्यावरण, आरोग्य, तरुण पिढी, सगळं बोललो. बाई साठीच्या, निंदण करता करता ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "खाली डांबरी रोड हाय ना? त्याले काय झालं?"

मी पेढे ठेवून परत आलो.

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे सायकली हातात धरून धुऱ्याच्या अलीकडे उभे होतो. बाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "दिनेश, तू हाय का बापा यायच्यात? मंग जाय ना." त्यांच्या मोटारीची लाईन भर पावसात त्यानं जोडून दिली होती म्हणे. माझे पेढे कुणाच्या लक्षातही नव्हते.

एक अट मात्र त्यांनी घातली. माती ओली असताना धुऱ्यावर चाक नाही. ओल्यात चाकोरी पडली की पाणी तीच वाट धरतं, मग वरच्या शेतातलं पाणी खालच्या तुरीत. "एकडाव जरी चाकोरी दिसली," त्या म्हणाल्या, "तं धुरा बंद. साऱ्यायले."

*

माती ओली आहे की नाही, हे ठरवायचं कसं? मी चार रात्री जागून तेरा कलमांची नियमावली केली. मातीचा प्रकार, मागच्या दोन दिवसांचा पाऊस, ऊन, वारा, सगळं त्यात होतं. ग्रुपवर टाकली. सहा अंगठे आले. वाचली कुणीच नाही, कारण सातव्या कलमात मी मुद्दाम 'वाचलं असेल तर फोन करा' असं लिहिलं होतं. फोन आला नाही.

रविवारी दिनेशनं वाटेवरची मूठभर माती उचलली, दोन्ही हातांनी दाबली आणि पोळ्याला पोरं करतात तसा एक बैल केला. चार पाय, वशिंड, शिंगं. तळहातावर उभा करून म्हणाला, "बैल उभा राह्यला तं सायकल आडवी. बैल भुरभुरला तं चला."

सगळे खूश! आमच्यातले दातांचे डॉक्टर शंकेखोर. त्यांनी विचारलं, "माती इतकी पातळ असली की बैल होतच नाही, तेव्हा?"

"तवा बैल कायले पाह्यजे? तवा तं तुमीच पडता, डाक्टर."

माझ्या चौथ्या कलमात हेच लिहिलं होतं. अगदी हेच! पण टी-शर्टवर काय छापलं? 'बैल उभा, सायकल आडवी.' खाली बैलाचं चित्र. मी तो टी-शर्ट घालतो, पण उलटा घालावासा वाटतो.

*

वाटेतल्या डबक्याचा एक शिष्टाचार आहे. कडेनं वळसा घालायचा नाही. प्रत्येकानं वळसा घातला की वाट रुंद होत होत शेतात शिरते. मुरमाच्या टप्प्यावर ओल्यातही जाता येतं, पण डबकं आलं की सरळ मधून. हे मी सगळ्यांना थांबवून समजावलं. डॉक्टरांनी नवे पांढरे बूट घातले होते, ते कडेकडे सरकायला लागले म्हणून त्यांना झापलं. आणि दाखवतो म्हणून स्वतः मधून गेलो.

डबकं माझ्या अंदाजापेक्षा खोल निघालं. पुढचं चाक अर्धं आत, मी पूर्ण आत.

दिनेशनं चप्पल काढून हातात घेतली, सायकल खांद्यावर टाकली आणि मधूनच चालत पलीकडे गेला. वाट तसूभर रुंद झाली नाही. मागून डॉक्टरही बूट काढून तसेच गेले. मग माझ्याकडे वळून अगदी आदरानं म्हणाले, "भाऊ, नियम मात्र तुम्ही पाळला."

*

मागच्या पावसाळ्यात पुण्याहून माझ्या मेव्हण्याचा मित्र आला. मोठा सायकलपटू, सायकलीची किंमत माझ्या स्कूटरच्या दुप्पट. मी म्हटलं, पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेत, आज काळी माती ओली आहे, नको. तो म्हणाला, आम्ही पावसातच चालवतो. वीस फुटांवर त्याची दोन्ही चाकं फिरायची थांबली. माती फ्रेममध्ये अशी बसली की सायकल ढकलता येईना आणि उचलता तर त्याहून येईना.

माझ्या बॅगेत खास मागवलेला नायलॉनचा ब्रश होता. मी तो काढला, केस मातीत रुतले आणि तुटले. तेवढ्यात दिनेशनं धुऱ्यावरची वाळलेली पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी मोडून आणली आणि पाच मिनिटांत चाकं मोकळी केली. पाहुण्यानं त्याच्याबरोबर फोटो काढला. खाली लिहिलं, 'विदर्भातला खरा रायडर'. फोटोत कोपऱ्यात एक कोपर दिसतं, ते माझं.

बायको म्हणाली, "कोपर छान आलंय."

*

मग मी टायर मागवलं. मुंबईहून, तीन आठवडे वाट पाहून. त्याच्यावर बर्फीच्या वड्या पाडाव्यात तशी चौकोनी नक्षी आहे. तसं टायर अख्ख्या जिल्ह्यात माझ्याकडेच, हे मी सगळ्यांना सांगितलं. सुमनबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं."

आधीचं टायरही त्याच कंपनीचं होतं, फक्त नक्षी मधोमध घासून गुळगुळीत झालेली. ते मी टपरीवर सगळ्यांसमोर दिनेशला दिलं. "घे, तुला होईल." माझ्या आवाजात उपकार होते, मला ऐकू येत होते. त्याला राग यावा अशी माझी इच्छा होती. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाला, "भाऊनं देलं, आता जपून ठेवतो." वर चहाही त्यानंच पाजला.

*

आता मुख्य दुखणं. मोबाईलमध्ये एक अ‍ॅप असतं, त्यात आपल्या वाटेवर सगळ्यात कमी वेळ कुणाला लागला ते दिसतं. सलग तीन वर्षं माझं नाव वर होतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी ते उघडून पाहायचो. जूनच्या सुरुवातीला, माती कोरडी असताना, दिनेश माझ्यापेक्षा चार सेकंद आधी खाली पोचला.

चार सेकंद मी सहन केले असते. पण डॉक्टर मागून येत होते, त्यांनी सांगितलं की मध्ये एक म्हातारा शेळ्या घेऊन चढत होता. चढणाऱ्याला आधी वाट, हा आपला नियम. दिनेश पाय टेकून बाजूला थांबला. शेवटची लंगडी शेळी गेल्यावर निघाला. आणि तरी चार सेकंद आधी!

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि वाट बंद झाली. मग आठवड्यामागून आठवडे बैल उभाच. आणि अ‍ॅपमध्ये त्याचं नाव वर, माझं खाली.

*

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस सकाळपासून ऊन पडलं. दुपारी दुकान नोकरावर टाकलं आणि एकटाच टेकडीवर गेलो. धुऱ्याशी आधी थांबलो, मूठभर माती घेतली आणि बैल केला. दगडावर ठेवला. उभा राहिला.

इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मी बैलाला टिचकी मारली. पडला!

वर जाऊन उतरायला लागलो. मुरमावर वेळ छान होता. धुऱ्यावर आलो आणि मागचं चाक घसरलं, मी ब्रेक दाबला, चाक नांगरासारखं रुतत गेलं. बारा-पंधरा हात लांब चाकोरी. पुढे धुऱ्याचा कोपरा खचला आणि वरच्या शेतात साचलेलं पाणी खळखळ खालच्या तुरीत उतरायला लागलं. मी हातानं माती लोटून पाहिली. थांबेना. मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. सायकल उचलली आणि घरी येऊन नळाखाली धुतली.

सकाळी ग्रुपवर निरोप आला, सुमनबाईंनी सगळ्यांना बोलावलंय. मी स्कूटरवर गेलो. पाठ दुखते म्हणून सांगितलं.

रात्री पाऊस आला नव्हता. धुऱ्यावर बर्फीची नक्षी जशीच्या तशी उमटलेली, चारी कोपरे धारदार. माझं टायर अख्ख्या जिल्ह्यात एकच, हे मीच गावभर सांगितलेलं.

दिनेश आधीच येऊन फावड्यानं खचलेला कोपरा भरत होता. त्याची सायकल बाभळीला टेकून उभी होती, आणि मागच्या चाकाला माझं जुनं टायर चढवलेलं होतं.

"मावशी, माह्यंच चाक गेलं काल," तो म्हणाला. "घाईत होतो, चुकलं."

डॉक्टर त्याच्याकडे पाहतच राहिले. खोटं सांगणार नाही, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला. चूक माझी होती, तीसुद्धा त्यालाच जास्त शोभत होती.

सुमनबाईंनी दगडावर आडवा पडलेला बैल उचलून पाहिला, त्याच्या कुशीवर नखाएवढा खळगा होता; मग त्या चाकोरीजवळ उकिडव्या बसल्या. नक्षीवरून बोट फिरवलं. मग उठून बाभळीपाशी गेल्या आणि दिनेशच्या टायरवरून तळहात फिरवला. गुळगुळीत. परत आल्या, दिनेशच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

दिनेश मध्ये पडला, "मावशी, भाऊची पाठ दुखते."

बाईंनी फावडं मागे घेतलं नाही. मी माती टाकायला लागलो. सगळा धुरा भरून होईपर्यंत थांबलो नाही. बाई तोवर बाजूला बसून हातांनी काहीतरी करत होत्या.

शेवटी डॉक्टरांनी हळूच विचारलं, "मग मावशी, धुरा बंद?"

त्यांनी हातातला बैल भरलेल्या धुऱ्यावर, अगदी माझ्या पायापाशी उभा केला.

"आपोआप पडला, की या सारे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "पन भाऊ, याले टिचकी मारू नोका."